आधी पत्ता बघा, मग लॉगिन करा

पुण्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आलेल्या एका जोडप्याचा पहिला शनिवार तिथल्या जुन्या मराठी घरांत अजूनही हसत सांगितला जातो. नवऱ्याने ऑफिसचा लॅपटॉप उघडून 'जवळचं किराणा दुकान' शोधलं, तर गूगलने पुण्यातली दुकानं दाखवली. भावसुद्धा रुपयांत! इथवर गंमत होती. मग त्याच लॅपटॉपवरून त्यांनी नव्या अमेरिकन बँकेच्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला. लॉगिन अडकलं, खातं तात्पुरतं गोठलं आणि सोमवारी अर्धा तास फोन कानाला लावून ओळख पटवत बसावं लागलं. लॅपटॉपमध्ये बिघाड काहीच नव्हता. कंपनीचा व्हीपीएन चालू राहिला होता आणि सगळी ये-जा पुण्याच्या ऑफिसातून होत होती. माणूस एडिसनच्या सोफ्यावर, पण बँकेच्या लेखी पुण्यात.

न्यू जर्सी, लंडन, दुबई, सिंगापूर इथे वर्षानुवर्षं राहिलेली मंडळी नव्याने आलेल्यांना सोशल सिक्युरिटी, घरभाडं, कढीपत्ता कुठे मिळतो हे सगळं सांगतात. अलीकडे त्यात या एका गोष्टीची भर पडली आहे: व्हीपीएन वापरा, पण समोरच्या वेबसाइटला तुमचा कुठला आयपी ॲड्रेस दिसतोय हे स्वतः तपासा. ॲपमध्ये हिरवं बटण लागलं, 'कनेक्टेड' लिहून आलं, एवढ्यावर विसंबू नका. ते ॲपचं म्हणणं झालं. वेबसाइटला काय दिसतं ते वेबसाइटलाच विचारावं लागतं.

आयपी ॲड्रेस म्हणजे पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता. तो नसेल तर उत्तर परत यायचं कुठे? व्हीपीएन लावला की पत्र आधी त्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातं आणि तिथून 'द्वारा' अमुकतमुक अशा नव्या पत्त्याने पुढे निघतं. वेबसाइटला फक्त तो 'द्वारा'चा पत्ता दिसायला हवा. दिसतोच असं नाही, म्हणून हा प्रपंच.

तपासणीची सुरुवात व्हीपीएन बंद ठेवून करायची. इथेच बहुतेकांची चूक होते: ते थेट व्हीपीएन लावून पाहतात आणि समोर आलेला आकडा आपला की परका हे त्यांना कळत नाही. घरच्या वायफायवर गूगलमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' टाइप केलं तरी पत्ता दिसतो. पण आयपीलीक डॉट नेट किंवा ब्राउझरलीक्स डॉट कॉम उघडलं तर जास्त तपशील मिळतो. समजा २०३.०.११३.२५ असा चार आकड्यांचा पत्ता आला, शेजारी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं नाव आलं. हे कागदावर उतरवून घ्यायचं. लंडनच्या हॅरो भागातल्या एका घरात हा कागद फ्रिजवर, दुधाच्या हिशेबाखाली चुंबकाने लावलेला आहे. घरचा आकडा अधूनमधून बदलतो, म्हणून त्यांनी कंपनीचं नाव ठळक लिहून ठेवलंय. आता व्हीपीएन लावायचा, तेच पान पुन्हा उघडायचं. कागदावरच्या दोन्ही गोष्टी पानावर कुठेच दिसता कामा नयेत. दिसल्या तर गळती आहे.

लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दिसणारा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता या कामाचा नाही. तो घरातल्या घरात, राउटरपुरता असतो. शेजारच्या घरातही तोच असू शकतो. नवखी मंडळी तो बघून 'व्हीपीएन लावूनही पत्ता बदलला नाही' म्हणून हैराण होतात.

सगळ्यात फसवी गळती आयपीव्ही६ची. जुन्या पद्धतीचे चार आकड्यांचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होतात. ते पुरेनात म्हणून लांबलचक, मध्ये कोलन असलेले नवे पत्ते आले. आता बऱ्याच घरांना दोन्ही प्रकारचे पत्ते एकाच वेळी मिळतात. काही व्हीपीएन फक्त जुन्या पत्त्याची वाट आपल्याकडे वळवतात आणि नवी वाट मोकळीच सोडतात. मग चार आकड्यांचा पत्ता ॲमस्टरडॅमचा आणि कोलनवाला सरळ तुमच्या घरचा, असं पान समोर येतं. भारतात जिओ आणि अमेरिकेत टी-मोबाइल यांच्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास वापरलं जातं. त्यामुळे ज्याच्या खिशात यांतलं सिम आहे त्याने पानावरची ती कोलनवाली ओळ आधी बघावी. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ अडवण्याचा पर्याय असेल तर तो लावावा.

दुसरी फट डीएनएसची. वेबसाइटचं नाव टाइप केल्यावर तिचा आकडी पत्ता कुणीतरी शोधून द्यावा लागतो. हा प्रश्न व्हीपीएनला न विचारता घरच्या इंटरनेट कंपनीला विचारला गेला, तर तुम्ही कुठे कुठे जाता हे त्या कंपनीला कळत राहतं. डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉमवर याची चाचणी होते. यादीत घरच्या कंपनीचं नाव आलं की समजायचं.

तिसरी भानगड ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करण्यासाठी असलेल्या वेबआरटीसीची. कॉल थेट जोडता यावा म्हणून ब्राउझर आपले सगळे पत्ते गोळा करतो, आणि एखादी वेबसाइट न विचारता ते वाचू शकते. जानेवारी २०१५ मध्ये एका प्रोग्रामरने हे जाहीरपणे करून दाखवलं तेव्हा बराच गाजावाजा झाला. त्यानंतर ब्राउझरांनी घरातला पत्ता झाकायला सुरुवात केली, तरी बाहेरचा पत्ता निसटण्याची शक्यता सगळीच संपलेली नाही. आयपीलीकच्या पानावर वेबआरटीसीचा वेगळा रकाना आहे, तो वाचायचा कंटाळा करू नये.

एवढं सगळं एका ब्राउझरमध्ये बघून झालं म्हणजे काम संपलं असं नाही. दुबईत पंधरा वर्षं काढलेल्या एका काकूंचा पहिला प्रश्न असतो, 'कुठल्या ॲपचा व्हीपीएन?' ब्राउझरला एक्स्टेंशन जोडलं असेल तर ते त्या ब्राउझरपुरतं. शेजारच्या ब्राउझरला, बँकेच्या ॲपला, टीव्हीला खरा पत्ताच दिसतो. व्हीपीएनमध्ये स्प्लिट टनेलिंग चालू असेल तर काही ॲप आतून जातात, काही बाहेरून. आयफोनवर आणखी एक गोंधळ होतो. पैसे भरून आयक्लाउड घेतलेल्यांना ॲपलने २०२१ मध्ये पत्ता झाकणारं प्रायव्हेट रिले दिलं, पण ते मुख्यतः सफारीपुरतं चालतं. त्यामुळे एकाच फोनवर सफारीत एक पत्ता आणि क्रोममध्ये दुसरा दिसतो, आणि दोन्ही बरोबर असतात.

आयफोनवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. व्हीपीएन लावण्याआधीपासून चालू असलेली काही कनेक्शन्स तशीच बाहेरून चालू राहतात, हे २०२० मध्ये प्रोटॉन व्हीपीएनने उघड केलं होतं. तेव्हा सुचवलेला उपाय असा: व्हीपीएन लावल्यावर एअरप्लेन मोड चालू करून पुन्हा बंद करायचा. तोही शंभर टक्के खात्रीचा नव्हता. अँड्रॉइडवर 'व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवा' अशी सोय सेटिंगमध्येच आहे. लॅपटॉपवर तिला किल स्विच म्हणतात. तो खरंच चालतो का, हे बघायची रीत सोपी आहे: चाचणीचं पान उघडं ठेवायचं, वायफाय दहा सेकंद बंद करून चालू करायचं आणि लगेच पान रिफ्रेश करायचं. व्हीपीएन पुन्हा जोडला जाईपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत खरा पत्ता झळकला तर किल स्विच नावापुरताच आहे.

आता गावाच्या नावाचा घोळ. चाचणीचं पान पत्त्यासोबत शहरही दाखवतं आणि नवीन माणूस त्यावरच भरवसा ठेवतो. पण पत्त्यावर शहर लिहिलेलं नसतं. काही कंपन्या अंदाज बांधून याद्या तयार करतात आणि वेबसाइट त्या विकत घेतात. हे अंदाज किती चुकतात याचा इरसाल नमुना अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात घडला. मॅक्समाइंड या कंपनीला एखादा पत्ता अमेरिकेतला आहे एवढंच कळलं, तर ती देशाच्या साधारण मध्यावरचा एक गोल आकड्यांचा बिंदू देत असे. तो बिंदू पडला पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराच्या अंगणात. ६० कोटींहून जास्त पत्ते कागदोपत्री त्या अंगणात राहायला आले. चोरीला गेलेले लॅपटॉप, फसवणूक, हरवलेली माणसं, सगळ्यांचा माग काढत पोलीस आणि सरकारी अधिकारी वर्षानुवर्षं तिथे धडकत राहिले. २०१६ मध्ये एका पत्रकाराने हे शोधून काढल्यावर कंपनीने तो बिंदू हलवून एका तळ्याच्या मधोमध नेऊन ठेवला!

भारतातल्या साइटसाठी 'इंडिया' सर्व्हर निवडणाऱ्यांना हे खास लागू पडतं. गावाकडच्या जमिनीचा सातबारा काढायचाय, भारतातल्या बँकेचं स्टेटमेंट हवंय आणि साइट परदेशातून उघडेना, म्हणून मंडळी इंडिया निवडतात. मात्र सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी ही माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच काढून टाकले. एक्सप्रेसव्हीपीएनने मग भारताच्या नावचा पत्ता देणारे सर्व्हर सिंगापूर आणि ब्रिटनमधून चालवले. म्हणजे लंडनमधला माणूस 'इंडिया' निवडतो आणि त्याचं पत्र लंडनच्याच आसपास फिरून भारतीय पत्ता लावून निघतं. एक यादी अशा पत्त्याला मुंबई म्हणेल, दुसरी सिंगापूर. साइट कुठली यादी वापरते यावर ती उघडणार की नाही हे ठरतं. म्हणून दोन वेगवेगळ्या चाचणी-पानांवर बघून घ्यावं. आणि ओटीपी भारतातल्या नंबरवरच येणार असेल, तर त्या नंबरचं सिम रिचार्ज केलेलं हवं. इथे व्हीपीएनचा काही उपयोग नाही.

फुकटच्या व्हीपीएनबद्दल जुनी मंडळी जरा कडक बोलतात, आणि त्याला कारण आहे. २०१५ मध्ये उघड झालं की होला ही फुकट सेवा आपल्या वापरकर्त्यांचीच इंटरनेट जोडणी दुसऱ्यांना भाड्याने देत होती. म्हणजे परक्या माणसाने कुठे काही उद्योग केला तर त्या वेबसाइटला पत्ता दिसणार तुमच्या घरचा. चाचणीचं पान हे पकडू शकत नाही. ते तुम्ही बाहेर जाताना बघतं, तुमच्या दारातून दुसरं कोण बाहेर पडतंय ते नाही.

दुबई, अबुधाबीला येणाऱ्यांसाठी काकूंची सूचना वेगळी आणि गंभीर आहे. कंपनीच्या कामासाठी व्हीपीएन वापरण्यात तिथे अडचण नाही. पण आयपी ॲड्रेस लपवून गुन्हा करणं किंवा गुन्हा उघडकीला येऊ न देणं यासाठी २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यात तुरुंगवास आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. आईशी व्हॉट्सॲपवर बोलायला मिळत नाही म्हणून व्हीपीएन लावायचा मोह नव्यांना होतोच. काकू त्यांच्या फोनमध्ये तिथे परवानगी असलेलं बोटिम हे कॉलिंग ॲप टाकून देतात आणि पुण्याच्या आईच्या फोनमध्येही टाकायला लावतात.

आणि हिशेबातून सुटणारी एक बाजू. पत्ता बदलला तरी बाकीच्या खुणा राहतात. लॅपटॉपचं घड्याळ न्यू यॉर्कचं, ब्राउझरला लोकेशनची परवानगी दिलेली, गूगलमध्ये स्वतःच्या नावाने लॉगिन. अशा वेळी साइटला पत्ता मुंबईचा दिसला तरी तिला शंका येतेच. बँकेसाठी तर सगळ्यांचा सल्ला उलटाच आहे: व्हीपीएन बंद करून घरच्या पत्त्यावरून जा. तीच वाट बँकेच्या ओळखीची असते.

हॅरोच्या त्या फ्रिजवरच्या कागदावर सध्या चार ओळी आहेत: घर, ऑफिसचा व्हीपीएन, स्वतःचा व्हीपीएन आणि फोनचं सिम. डिसेंबरमध्ये कुटुंब साताऱ्याला सुट्टीवर गेलं, तेव्हा मुलीने आजीच्या वायफायवर तेच पान उघडून पाचवी ओळ लिहून आणली.