बिडाच्या जुन्या भट्टीस मातीचें अस्तर

फाळ शेवटणें, कुळवाची फास सरळ करणें, हीं कामें ऐन वाफशाच्या दिवसांत अडलीं म्हणजे काय होतें, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. म्हणून ज्यांच्या वाड्यांत हातपंख्याची बिडाची जुनी भट्टी पडून असेल, त्यांनीं ती भंगारांत घालूं नये. मात्र आहे तशी पेटवूंहि नये. अमेरिकेंत ओतलेल्या कित्येक जुन्या भट्ट्यांच्या तसराळ्यांत ‘वापरण्यापूर्वीं माती लावा’ अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें उठविलेलीं आढळतात. घेणारा तीं वाचतो व विसरतो. मीहि विसरलों होतों.

बीड हें पोलादासारखें लवचीक नव्हे. त्यांत कार्बनाचा अंश शेंकडा २ ते ४ असतो. त्यामुळें तें सांच्यांत सुरेख उतरतें, पण ताण पडला असतां वांकत नाहीं, तडकतें. उसाच्या चरकाचें चाक दगडावर पडून दुभंगलेलें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें पटेल. पंखा जोरानें फिरविला असतां दगडी कोळशाचा विस्तव १,३०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर जातो, आणि बीड १,१५० ते १,२०० अंशांच्या सुमारास वितळतें. तथापि भट्ट्या वितळण्यापेक्षां तडकूनच अधिक जातात. मधला भाग तापून फुगूं पाहतो, गार कांठ त्यास जागा देत नाहीं. अशा वेळीं गार पाणी पडलें कीं कारभार आटोपला. मीं एके सायंकाळीं विस्तव लवकर विझावा म्हणून तांब्याभर पाणी ओतलें. खट्‌कन आवाज झाला आणि वाऱ्याच्या तोंडापासून कांठापर्यंत वीतभर भेग गेली. लोहार नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

जिच्या मध्यभागीं जाड बिडाचें निराळें कुंड बसविलेलें असतें, अशा भट्टीच्या कुंडास अस्तराची तितकी गरज नसते. पातळ तसराळ्यास मात्र तें हवेंच.

माती कुंभाराची, चिकण, खडे काढलेली घ्यावी. काळी माती बिलकुल नको. ती सुकतांना आकसून भेगाळते. मातीचे २ भाग, जाड कोरड्या वाळूचे ३ भाग व पक्क्या भाजलेल्या विटांचा भुगा १ भाग, हें प्रमाण मला मानवलें. पाणी अगदीं बेतानें घालावें. मूठ वळली असतां गोळा राहावा, पण हातास चिखल लागूं नये. ओल जास्त तितकी भेग जास्त. कित्येक जण सोईचें म्हणून सिमेंट ओततात. तें करूं नये. त्यांत अडकलेल्या पाण्याची तापतांच वाफ होते, ती पाण्याच्या सुमारें १,६०० पट जागा मागते, व कपच्या उडून डोळ्यांस इजा होते.

प्रथम तारेच्या ब्रशानें गंज काढावा. मग माती थराथरानें ठोकून इंचभर जाड बसवावी व वाऱ्याच्या तोंडाकडे उतार द्यावा. तोंडाची जाळी मोकळी ठेवावी. सावलींत आठवडाभर सुकूं द्यावें. उन्हांत घाई करूं नये. बारीक भेगा पडतील, त्या त्याच मातीनें भराव्या. नंतर दोन दिवस लांकडी कोळशाचा मंद विस्तव ठेवावा, आणि मगच पंखा जोरानें फिरवावा.

आतां राखेविषयीं. दगडी कोळशांत गंधक असतो. त्याची राख पावसाळी हवेंत ओली झाली कीं बीड खाऊं लागते. अस्तराखालीं ओल शिरली तर गंज दिसतहि नाहीं. म्हणून काम संपल्यावर भट्टी आपोआप निवूं द्यावी, राख व कीट काढून टाकावें, आणि भट्टी छपराखालीं ठेवावी. पावसाळाभर बंद ठेवणें असेल तर अस्तर काढून टाकलेलें बरें. माती फुकटची आहे, बीड नव्हे. पायांस व बाहेरच्या अंगास जवसाचें तेल पुसावें.

भेग पडलीच असेल तर तिच्या अगदीं टोंकाशीं लहान भोंक पाडावें, म्हणजे ती पुढें सरकण्याचें बहुधा थांबतें. मग खालून लोखंडी पट्टी बोल्टांनीं आंवळावी. साध्या कांडीनें वेल्डिंग करविल्यास सांध्याशेजारीं नवी भेग निघते. माझ्या भट्टीस अशा दोन पट्ट्या आहेत, व वरून मातीचें अस्तर आहे.