डिश घ्यायच्या आधी

तर वाडीवर इंटरनेट न्यायचं तू मनावर घेतलंस. घे, जरूर घे. फक्त त्या दुकानदाराला इतक्यात होकार देऊ नकोस गं. "ही डिश वीस किलोमीटर मारते" एवढंच तो सांगणार, आणि ते खोटंही नाही. व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली या प्राध्यापकांनी २००७ साली ३८२ किलोमीटरवर वायफाय पोचवून दाखवलं होतं. पण ते डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर. तुझ्या १० किलोमीटरांत काय काय उभं आहे, ते दुकानदाराला कुठे ठाऊक?

शाळेच्या गच्चीवरून तालुक्याची पाण्याची टाकी दिसते म्हणून तू खूश आहेस. नुसतं दिसून भागत नाही. लहरींना लागणारी वाट रताळ्यासारखी मधे फुगते. फ्रेनेल झोन म्हणतात तिला. १० किलोमीटरची लिंक ५.८ गिगाहर्ट्झवर चालवलीस तर अगदी मध्यावर हा फुगवटा दृष्टिरेषेच्या चहूबाजूंनी सुमारे ११ मीटर असतो. त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे ७ मीटर, मोकळा हवा. पृथ्वीची गोलाई आणखी दीडेक मीटर खाते. थोडक्यात, मधल्या झाडाच्या शेंड्यावरून तुझी रेषा साडेआठ मीटर वरून जायला हवी. आणि तू बघायला जाणार उन्हाळ्यात, तेव्हा साग उघडाबोडका असतो. आषाढात त्याला पानं फुटून भिजली की सिग्नल कुठे गेला म्हणून तू केबल तपासत बसशील. शिवाय झाड वाढतं, हे कोणाच्या नकाशात नसतं.

पालघरमध्ये आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर सरांच्या गटाने 'ग्राममार्ग' प्रकल्पात टीव्हीच्या रिकाम्या राहिलेल्या लहरी वापरून पाहिल्या, त्या झाडोऱ्यातून बऱ्यापैकी पार होतात. तुला मात्र त्या अशा सहजी मिळायच्या नाहीत, परवानगीचं काम आहे. तू ५ गिगाहर्ट्झवरच राहा. २०१८ पासून आपल्याकडे त्याचा मोठा पट्टा परवान्याविना खुला आहे. ताकदीची मर्यादा आहे, ती पाळ. रेडिओच्या सेटिंगमध्ये देश 'भारत'च ठेव, जास्त पल्ल्याच्या मोहाने दुसरा निवडू नकोस.

डिश फिरवताना एक फसगत होते. मुख्य झोताच्या बाजूला छोटे छोटे झोत असतात, त्यातल्याच एखाद्यावर आपण क्लॅम्प आवळून मोकळे होतो. सिग्नल येतो, म्हणून शंकाही येत नाही. म्हणून किती डेसिबल मिळायला हवेत त्याचा हिशोब घरीच कागदावर काढून जा. पंधरा-वीसने कमी दिसले तर डिश पुन्हा सैल कर. आणि अंतराचं सेटिंग विसरू नकोस. घरातल्या वायफायला समोरून पोच लगेच मिळायची सवय असते. इथे लहर जाऊन यायलाच ६७ मायक्रोसेकंद जातात. तेवढं थांबायला सांगितलं नाहीस तर रेडिओ तेच तेच पुन्हा पाठवत राहतो आणि वेग पार बसतो.

इतपत तू शिकशीलच, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती लाइटची. तामिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्रालयाने खेड्यांतली दृष्टी केंद्रं अशाच लांब पल्ल्याच्या वायफायने जोडली. डॉक्टर थेनीत बसून खेड्यातल्या पेशंटशी पडद्यावर बोलत. रेडिओची बाजू बर्कलीच्या एरिक ब्रूअर यांच्या गटाने सांभाळली. त्यांनी २००८ मध्ये आपले अनुभव लिहिले, त्यात लहरींपेक्षा खराब विजेनेच जास्त छळल्याचं दिसतं. आपल्याकडे वेगळं काय असणार? शेतीपंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, बंद झाले की उसळतं. तेव्हा रेडिओ थेट बोर्डात खुपसू नकोस. सोलर पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी, आणि तिथून सरळ डीसी. मधे इन्व्हर्टर कशाला? ८ वॉटचा रेडिओ १२ व्होल्टवर दिवसाला १६ अँपिअर-अवर खातो. पावसाळ्यातले तीन आंधळे दिवस धर, बॅटरी अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही असं ठरव, म्हणजे १०० ची बॅटरी लागते. डिशच्या पाइपाला अर्थिंग कर. वळवाच्या विजा काय करतात ते सह्याद्रीत राहणाऱ्या बाईला मी सांगायला नको.

आता जरा जवळ ये, हे दुकानदारही सांगणार नाही आणि इंजिनिअरही. राउटर कोणाच्या ओसरीवर लागणार? सरपंच म्हणतील, आमच्याकडे लावा, लाइट आहे, पक्कं घर आहे. मान देऊन नाही म्हण. तिथे पोरी येणार नाहीत, आल्या तरी दहा मिनिटांत उठतील. शाळा, अंगणवाडी, बचतगटाची खोली, जिथे बायका एरवीही बसतात अशी जागा शोध. मानापमान होईल, होऊ दे. सरपंचांना उद्घाटनाचा नारळ दे.

आणि घरटी पैसे गोळा करून आपलंच कनेक्शन वाटायचा उद्योग करू नकोस, इंटरनेट विकायला परवाना लागतो. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत गावातलं वायफाय केंद्र चालवायला मात्र परवाना नाही, फी नाही. ते बघ.

नेपाळच्या नांगी गावातले महावीर पुन ऐकलेत ना? म्याग्दी जिल्ह्यात त्यांनी गावागावांत वायफाय नेलं, २००७ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. सुरुवातीला अँटेना झाडांवर चढवलेले; तुझ्या वाटेत आडवी येतात तीच झाडं! मला त्यांच्यातलं आवडतं ते हे, की दुरुस्ती गावच्याच माणसांना शिकवली. तूही दोघी तयार कर. एकीचं लग्न ठरेल, ती जाईल, म्हणून दोघी. 'बाईमाणूस टॉवरवर कशाला' असं कोणी म्हणालं तर वाद घालू नकोस, सेफ्टी बेल्ट बांध आणि चढ. ढग गडगडत असताना मात्र अजिबात नाही.

रविवारी मी येते. भावजींची दुर्बीण आणते, तू लांब मेजपट्टी आणि दिवसभराच्या भाकरी घे. गच्चीवरून काही ठरवायचं नाही, पूर्ण वाट पायी चालायची आहे.