बर्फाचे अंगण

मार्गशीर्ष सरत आला की बालाघाटाच्या माथ्यावरील हवा पालटते. बीड जिल्ह्याचा हा उंच भाग उन्हाळ्यात जसा तापतो, तसाच हिवाळ्यात गारठतो. पाटोदा, केज, अंबाजोगाई या बाजूच्या गावांत पहाटे जागोजाग शेकोट्या पेटतात. म्हातारी माणसे घोंगडी पांघरून ओट्यावर उन्हाची वाट पाहत बसतात. शाळूच्या पानांवरून दवाचे थेंब ठिबकत असतात. एखाद्या रात्री तर पारा दहा अंश सेल्सियसच्याही खाली उतरतो. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ज्या लांबलचक कापडावर आपले लेखन केले, त्यालाही लोक ‘पासोडी’ म्हणतात. आणि पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घेण्याचे जाडेभरडे पांघरूण. या मुलखात पांघरुणाला केवढा मान आहे, हे यावरून दिसावे!

अशा गारठ्यातही घरची गृहिणी अंगण झाडते, सडा शिंपते आणि सणवार जवळ आला असेल तर ते शेणाने सारवते. सारवणाचा थर ती कधी जाड देत नाही. पातळ हात फिरवायचा, तो वाळू द्यायचा आणि मग त्यावर दुसरा हात फिरवायचा, ही तिची रीत. जाड थर वरून वाळलेला दिसतो, पण आत ओलाच राहतो. त्यावर पाय पडला की पोपडा निघतो.

हिमालयाच्या कुशीत एक अंगण असे आहे की, तेही रोज झाडावे लागते, त्यावरही सडा घालावा लागतो आणि त्याचेही सारवण पातळ थरांनीच करावे लागते. मात्र तेथे शेणामातीऐवजी नुसते पाणी वापरतात, आणि ते पाणी रातोरात दगडासारखे कठीण होते. हे अंगण सिमला शहरात आहे. बुटांच्या तळाला पोलादी पाती बसवून मुले आणि मोठी माणसे त्यावरून भरधाव घसरत जातात. या खेळाला स्केटिंग म्हणतात.

या मैदानाचा आरंभ १९२० साली झाला. ही जागा तेव्हा टेनिस खेळण्याची होती. हिवाळ्यात तेथे पाणी गोठते, असे ब्लेसिंग्टन नावाच्या गृहस्थांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ते मैदान मुद्दाम पाण्याने भिजवून पाहिले, असे सांगतात. तेव्हापासून शतकभर तेथे थंडी निर्माण करणाऱ्या यंत्रावाचून, केवळ हिवाळ्याच्या भरवशावर, बर्फ जमवीत आले. समुद्रसपाटीपासून सुमारे बावीसशे मीटर उंचीवरील ती जागा बीडहून कितीतरी थंड आहे, हे खरेच. पण नुसती उंची पुरत नाही. सिमल्यातही एखाद्या रात्री बर्फ उत्तम जमतो आणि दुसऱ्या रात्री पाणी जसेच्या तसे राहते. त्या दोन रात्रींत फरक कशाचा असतो? तो मुख्यतः आकाशाचा असतो.

प्रत्येक वस्तू आपल्याजवळची उष्णता किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकीत असते. तापलेल्या तव्याजवळ हात नेला की ही उष्णता चटकन जाणवते. परंतु जमीन, झाड, पाणी, दगड यांचाही हा व्यवहार अखंड चालू असतो. दिवसा सूर्याकडून मिळणारी आवक मोठी असते, म्हणून जमीन तापते. सूर्य मावळला की आवक थांबते आणि खर्च मात्र चालूच राहतो. आकाशात ढग असले, तर ते खालून आलेल्या उष्णतेतील बराच भाग पुन्हा जमिनीकडे पाठवितात. ढग म्हणजे पृथ्वीवर पसरलेली गोधडीच होय. हवेतील अदृश्य वाफही थोडेफार तेच काम करते. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असले की ही गोधडी निघून जाते व जमीन झपाट्याने निवते. तिच्या लगतची हवाही तिच्यामुळे थंड होते. वारा वाहत असेल, तर वरची उबदार हवा खाली येऊन मिसळते आणि ही सारी कमाई वाया जाते. वारा पडलेला असेल, तर थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून हळूहळू ओघळते आणि सखल जागी साचून राहते.

महाबळेश्वरला हिवाळ्यात कधी कधी वेण्णा तलावाच्या काठी, होड्यांवर आणि गवतावर, दव गोठून पांढरे हिमकण झालेले दिसतात. गावातील तापमापकावरचा पारा त्या पहाटे शून्याच्या बराच वर असू शकतो. तरीही उघड्यावरचे गवत आणि होडीची फळी सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड झालेली असते. हवा गोठणबिंदूला पोहोचण्याआधीच पाणी गोठू शकते, ही गोष्ट ऐकताना विचित्र वाटते. पण हिंदुस्थानातील काही अनामिक कारागिरांना ती फार पूर्वीच ठाऊक होती, आणि त्यांनी तिच्यावर एक धंदाच उभारला होता.

सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने अलाहाबादकडे पाहिलेल्या या धंद्याचे वर्णन १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, हे सपाट मैदानातले शहर; तेथे हिमवर्षाव होत नाही. तरी तेथील लोक डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बर्फ तयार करीत. मोकळ्या माळावर ते सुमारे तीस फूट लांबरुंद व दोन फूट खोल असे चौकोनी खड्डे खणत. खड्ड्याच्या तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे आठ इंचांपासून फूटभर जाडीची पसरीत. बीडच्या शेतकऱ्याने हे पाहिले असते, तर ही जनावरांच्या वैरणीची तयारी आहे असेच त्याला वाटले असते! त्या गादीवर मातीची उथळ ताटल्यांसारखी भांडी ओळीने मांडीत. त्यांची खोली जेमतेम सव्वा इंच असे. संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेले पाणी ओतीत आणि सूर्योदयापूर्वी येऊन भांड्यांतला बर्फ काढून घेत. हा बर्फ टोपल्यांतून नेऊन चौदापंधरा फूट खोल खड्ड्यात, गवत आणि जाड कांबळी यांचे अस्तर लावून, ठोकून ठोकून भरीत; आणि ऐन उन्हाळ्यात तोच बर्फ सरबते थंड करण्यासाठी बाहेर निघे.

यात एकही गोष्ट निरर्थक नव्हती. जमिनीच्या पोटात दिवसाची ऊब साठलेली असते. ती पाण्यापर्यंत पोहोचू नये म्हणून वाळलेल्या ताटांची गादी. खड्ड्यामुळे भांड्यांना वाऱ्याचा उपद्रव होत नसे. आणि भांडे उथळ, कारण थोडे पाणी एका रात्रीत आपली उष्णता टाकून मोकळे होते. घागरभर पाण्याला ते साधत नाही.

बार्करला मात्र वाटले की, पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्च होते, तिच्यामुळेच हे घडत असावे. उन्हाळ्यात माठातले पाणी याच कारणाने गार होते, तेव्हा त्याचा तर्क काही वेडगळ नव्हता. परंतु १८१४ साली विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने दवाविषयी एक निबंध लिहिला आणि या तर्कातील उणीव दाखविली. वाफेमुळे बर्फ होत असता, तर वारा सुटलेल्या रात्री तो अधिक व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो शांत रात्री अधिक होई. भांड्यांखालचे गवत ओले झाले तर वाफ जास्त होणार. पण कारागीर ओले गवत काढून मुद्दाम कोरडे घालीत, कारण ओल्या गवतावर बर्फ धड जमत नसे. म्हणजे उत्तर निरभ्र आकाशाकडे निघून जाणाऱ्या उष्णतेतच होते. वेल्सने शास्त्र सांगितले खरे, पण त्याच्या युक्तिवादाचा पुरावा त्या कारागिरांच्या हातांनी कधीच तयार करून ठेवला होता. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव कोठे नोंदलेले नाही, ही खेदाची गोष्ट होय.

१८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भरलेले जहाज कोलकात्यास आले. पुढे मुंबईतही परदेशी बर्फ साठविण्यासाठी बर्फघर झाले. मग यंत्रे आली, आणि ताटल्यांतला बर्फ मागे पडला.

ती युक्ती सिमल्याच्या मैदानावर मात्र दुसऱ्या रूपात टिकून राहिली. हंगाम जवळ आला की माणसे मैदान समतल करून स्वच्छ करतात. पालापाचोळ्याचे एक काळे पानही बर्फात राहून चालत नाही. उन्हात ते आधी तापते आणि आपल्याभोवती खळगा पाडते. थंडी पुरेशी पडली की सूर्यास्तानंतर पाण्याचा पहिला पातळ हात देतात. तो गोठला की दुसरा आणि मग तिसरा. एकदम पुष्कळ पाणी सोडले तर काय होईल, हे सारवण करणारी कोणतीही बाई सांगू शकेल. वर बर्फाची साय धरते, खाली पाणी राहते आणि खेळणाऱ्याच्या भाराने ती साय तडकते. खेळ बहुधा सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर चालतो, कारण दुपारच्या उन्हात बर्फ मऊ पडतो. खेळणाऱ्यांच्या पोलादी पात्यांनी पृष्ठभागावर चरे पडतात. ते झाडून, वरून पुन्हा पाणी देऊन भरावे लागतात. हिमवर्षाव झाला तर खेळणाऱ्यांना आनंद होईल असे वाटते, पण घडते उलटेच. भुसभुशीत हिम बर्फावर गोधडीसारखे बसते आणि खालची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून ते तातडीने लोटून काढावे लागते. लोक झोपलेले असताना हे सारे चालते. सकाळी येणाऱ्या मुलांना फक्त आरशासारखे मैदान दिसते.

परंतु ही मेहनत करूनही अलीकडे बर्फ पूर्वीइतके दिवस टिकत नाही. रात्री उबदार होऊ लागल्या आहेत आणि हंगाम आखूड झाला आहे. पृथ्वीच्या हवेत कोळसा व तेल जाळून सोडलेला कार्बन डायऑक्साइड वाढला आहे. तोही ढगांप्रमाणे जमिनीची उष्णता अडवितो. फरक इतकाच की, ही गोधडी वारा आला म्हणून उडून जात नाही.

कॅनडात तर घरोघरी परसात अशी बर्फाची अंगणे करण्याची रीत आहे. कडेने फळ्या लावायच्या, हिम तुडवून घट्ट करायचे आणि मुले निजल्यावर वडिलांनी कुडकुडत रबरी नळीने पाणी शिंपायचे. तेथील विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातील भूगोलाच्या अभ्यासकांनी २०१३ साली या घरांना एक साधी विनंती केली : आपल्या परसातील बर्फ कोणत्या दिवशी खेळण्याजोगा होता व कोणत्या दिवशी नव्हता, एवढे कळवावे. या उपक्रमाला ‘रिंकवॉच’ असे नाव मिळाले. हवामानातील पालटाचा हिशेब अशा रीतीने मुलांच्या खेळाच्या नोंदींतून होऊ लागला.

बीडच्या अंगणात बर्फ जमणार नाही. पण त्या रात्रींची परीक्षा तेथेही घेता येते. पौषातील एखाद्या निरभ्र, निवांत संध्याकाळी दोन सारख्या ताटल्या घ्याव्यात आणि दोहोंत बोटाच्या पेराइतके पाणी ओतावे. एक ताटली मोकळ्या अंगणात कोरड्या कडब्यावर ठेवावी व दुसरी पडवीच्या छपराखाली तशाच कडब्यावर. उजाडण्यापूर्वी उठून दोन्हींत बोट बुडवून पाहावे आणि शाळेत तापमापक असेल तर अंश लिहून ठेवावेत. आभाळ दाटून आलेल्या रात्री हाच प्रयोग पुन्हा करावा. पहिल्या पहाटे उघड्यावरचे पाणी पडवीतल्या पाण्याहून स्पष्टपणे गार लागेल. दुसऱ्या पहाटे दोन्ही ताटल्यांत फरक शोधावा लागेल.