सर्वांसाठी समान अभ्यास

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात कोलंबिया कॉलेज आहे. १९१८ मध्ये पहिले महायुद्ध संपले. युद्धे का होतात? शांतता कशी टिकते? याचा विचार प्रत्येक विद्यार्थ्याने करावा, म्हणून १९१९ मध्ये कॉलेजने एक नवा विषय सर्वांना सक्तीचा केला. पुढे साहित्य, कला व संगीत यांची भर पडली.

तेथे पुढे डॉक्टर होणारा मुलगा साहित्य वाचतो. लेखिका होणारी मुलगी विज्ञान शिकते. "याचा मला काय उपयोग?" असे काहींना वाटते. पण डॉक्टरला रोग्याचे दुःख कळायला हवे आणि लेखिकेला खरे-खोटे पारखता यायला हवे.

शब्दार्थ : सक्तीचा – घ्यावाच लागणारा, पारखणे – तपासून ओळखणे.

स्वाध्याय : तुम्हांला न आवडणाऱ्या विषयाचा एक उपयोग लिहा.