दोन ब्लॉक, पत्ता एकच

‘तुम्ही अपडेट द्यायला विसरला असाल.’ माझ्या असेंब्लरचे सगळे ब्लॉक गेले, तेव्हा मला फोर्थ सिस्टिम बांधून देणाऱ्या गृहस्थांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मी काहीही विसरलो नव्हतो. बफर दुसऱ्या ब्लॉकला गेला की अपडेट न केलेला बदल मुकाट्याने पुसला जातो, हे फोर्थवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मी नक्कल करत होतो. १०० पासूनचे ब्लॉक ५०० पासून पुढे: ‘१०० ब्लॉक ५०० ब्लॉक १०२४ सीमूव्ह अपडेट’. प्रत्येक नकलेनंतर दोन्ही ब्लॉक ताडून पाहत होतो आणि दरवेळी उत्तर येत होतं, सारखे आहेत. त्या भरवशावर १०० पासूनची जागा नव्या कामाला घेतली. नंतर ५०० लिस्ट केला, तर सोळाच्या सोळा ओळी मेमरी कार्डावरचा जुना कचरा!

शेवटी दोन्ही ब्लॉक मागवून नुसतं डॉट-एस मारलं. स्टॅकवर ४७१०४ ४७१०४. बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिलो. बफर एकच होता. ५०० मागताच तो १०० च्या डोक्यावर येऊन बसत होता. सीमूव्ह त्याच जागेची नक्कल त्याच जागेवर करत होता, अपडेटमुळे ५०० चा जुना मजकूर ५०० वरच परत लिहिला जात होता, आणि ताडून पाहणं म्हणजे बफरची स्वतःशीच तुलना. ती सारखी येणारच!

सिस्टिम घेतानाच मी विचारलं होतं, बफर किती? ‘दोन.’ पुढे एक किलोबाइट रॅम वाचवायला त्यांनी एक काढून टाकला आणि अवाक्षर काढलं नाही. जाब विचारल्यावर म्हणाले, पुढचा ब्लॉक मागितला की आधीच्या पत्त्याची हमी नसते, हे मानकातच आहे. आहे ना. मग दोन कशाला सांगितलं?

तेव्हा कोणतीही छोटी सिस्टिम हाती आली की आधी दोन ब्लॉक मागवा आणि पत्ते बघा. सांगणाऱ्यावर जाऊ नका. नक्कल स्वतः राखलेल्या १०२४ बाइटांतून करा. पॅडमध्ये तेवढी जागा असेलच असं नाही. पडताळताना सेव्ह-बफर्सवर थांबू नका, कारण ब्लॉक बफरमध्येच राहतो आणि परत मागितला तर रॅममधलीच प्रत दिसते. फ्लश द्या, म्हणजे पुढचं वाचन कार्डावरून होईल. एम्प्टी-बफर्स काही लिहीत नाही, सरळ टाकून देतं. ते हाताशी ठेवूच नका. बॅकअप दुसऱ्या कार्डावर घ्या, हे तर कोणीही सांगेल.

पुढच्या आवृत्तीत दोन बफर परत आले. सोबतच्या टिपणात त्यांनी लिहिलंय, ‘वेग वाढवला.’