आधी बल्ब कुठं बांधलाय ते बघा

जुन्नर-आंबेगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. द्राक्षवाले पहाटे बागेत धूर करतात, दूधवाले कानटोपी काढत नाहीत, आणि काकवी बाटलीत भरून विकणाऱ्यांचा पाइप तुंबतो. उन्हाळ्यात धारेनं पडणारी काकवी थंडीत हलेनाशी होते. पहाटे पंप चालू केला तर मोटर नुसती कण्हते. यावर हल्ली एकच उपाय सुचवतात: पाइपवर हीटिंग टेप ओढा, वर ग्लासवूल, त्यावर पत्रा. खरी कटकट त्यानंतर सुरू होते.

मी खोडदचा. चाकण-रांजणगावला पॅनेलची कामं केली, आता गावी राहून आसपासच्या डेअऱ्या, शीतगृहं आणि गुऱ्हाळांची वायरिंग बघतो. मोठ्या साखर कारखान्याला टेपची गरज पडत नाही. त्यांच्याकडे बॉयलर असतो, मळीच्या किंवा पाकाच्या पाइपला वाफ देता येते. बॉयलर नसलेल्या छोट्या माणसाला वीज सोयीची. बटण दाबलं की पाइप गरम. पण किती गरम, हे कोण ठरवतं, हा प्रश्न विचारल्याशिवाय बिल द्यायचं नाही, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

काकवीच्या एका कारखान्यात मला बोलावलं ते पाइपचं गॅस्केट फाटल्यावर. कारखान्याचं नाव सांगत नाही. टाकीपासून बाटल्या भरायच्या मशीनपर्यंत दोन इंची स्टीलचा पाइप, बारा मीटरभर. दुपारच्या जेवणाला मशीन बंद केलं, दोन्ही टोकांचे वॉल्व्ह फिरवले आणि सगळे उठले. मधे कोंडलेली काकवी तापत राहिली, फुगत राहिली, आणि तिला जायला जागा नव्हती. गॅस्केट फाटून उकळत्या पाकाची चिळकांडी समोरच्या भिंतीवर गेली. त्या वेळी तिथं कोणी उभं नव्हतं, एवढंच नशीब. भिंतीवर तपकिरी पट्टा उमटला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

शेठ म्हणाले, "मिस्त्री, थर्मोस्टॅट आहे हो. पंचेचाळीसवर लावलाय." थर्मोस्टॅट होता आणि चांगला चालूही होता. मी पाइप खोलायला लावला. आतल्या बाजूला, जिथून बाहेरून टेप गेली होती तिथेच, लांबच्या लांब काळी खपली धरली होती. नखानं खरवडली तर कोळशासारखी सुटली आणि जळक्या गुळाचा वास आला. बाकीचा पाइप स्वच्छ. म्हणजे हे एका दुपारचं काम नव्हतं. टेप बरेच दिवस हद्दीबाहेर तापत होती, आणि काकवीचा रंग काळवंडतोय म्हणून शेठ इतके दिवस ऊस पुरवणाऱ्याला बोल लावत होते.

पत्रा उचकटल्यावर कारण दिसलं. थर्मोस्टॅटचा बल्ब, म्हणजे तापमान ओळखणारी त्याची नळकांडी, टाकीच्या तोंडाशी, वॉल्व्हच्या बिडाला तारेनं बांधला होता. तिथं बांधायला सोपं जातं, लॅगिंग (ग्लासवूल आणि पत्र्याचं आवरण) खोलावं लागत नाही. पण वॉल्व्ह म्हणजे लोखंडाचा गोळा, अर्धा उघडा, वाऱ्याला लागलेला. तो पंचेचाळीसला पोचतच नाही. बल्ब म्हणतोय पाइप गार आहे, थर्मोस्टॅट टेप चालू ठेवतोय, आणि आठ मीटर पुढं काकवी शिजतेय. बल्ब ज्या जागेचं खरं सांगत होता, ती जागाच चुकीची होती.

यात टेपच्या निवडीचाही वाटा होता. हिशोब करून बघा. दोन इंची पाइप, त्यावर इंचभर कोरडं ग्लासवूल, बाहेर ८ अंश आणि आत ४५ हवेत. अशा पाइपमधून मीटरमागे साधारण १५ वॅट उष्णता निसटते. थोडी सूट धरून २० वॅटची टेप पुष्कळ झाली. तिथं ठेकेदारानं मीटरला ४० वॅटची लावली होती, "कमी पडायला नको" म्हणून. नियंत्रण गेलं तर ४० वॅट त्या पाइपला हवेपेक्षा नव्वद-पंच्याण्णव अंशांनी वर नेऊन ठेवतात. थंडीच्या रात्री शंभरी, मार्चच्या दुपारी सव्वाशेच्या पुढं. २० वॅटची टेप बेभान झाली तरी निम्म्यावरच थांबते. जास्त वॅट घेतले की थर्मोस्टॅटवर सगळा भरवसा टाकावा लागतो, हे ठेकेदार सांगत नाही.

त्यात आपली वीज. व्होल्टेज वाढलं की साध्या टेपचे वॅट त्याच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतात. २३० व्होल्टची टेप २६० वर चालली तर सव्वापटीहून जास्त तापते. १८० वर आली तर साठ टक्क्यांवर येते. मध्यरात्री मोटारी बंद झाल्या की लाइनचं व्होल्टेज चढतं, आणि कारखान्यात त्या वेळी बघायला कोणी नसतं.

तर बल्ब कुठं बांधायचा? वॉल्व्ह, फ्लँज, पाइपचा आधार यांपासून निदान मीटरभर लांब, सरळ पाइपवर. एकच टेप पाइपच्या खालच्या अंगानं गेली असेल तर बल्ब वरच्या अंगाला, टेपपासून जितका दूर जाईल तितका. दोन टेप असतील तर घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी टेप आणि बाराच्या जागी बल्ब. बल्ब पाइपला आडवा न धरता लांबीत, पूर्ण टेकवून, वरून अॅल्युमिनियमची चिकटपट्टी आणि मग लॅगिंग. एका डेअरीत याच्या उलटं पाहिलं: बल्ब टेपलाच चिकटवलेला. टेप तापली की लगेच बंद, गार झाली की लगेच चालू, टेपची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरची दिवसभर टकटक आणि पाइप कोमटसुद्धा नाही. मालक "टेप कमी पडते" म्हणून दुसरी टेप ओढायच्या बेतात होता.

दुसरी अडचण फाट्याची. काकवीच्या लाइनला गाळणीला वळसा घालणारा एक जोडपाइप होता, गाळणी धुताना वापरायचा. एकच टेप दोघांवर फिरवली होती आणि सेन्सर मुख्य पाइपवर. टाकीतून गरम काकवी वाहत असली की सेन्सर समाधानी, टेप बंद, आणि फाट्यात उभी राहिलेली काकवी गारठून दगड. टाकी गार असली की उलट: येणाऱ्या गार मालापायी सेन्सर टेप चालूच ठेवतो आणि फाट्यातली काकवी करपते. वाहत्या पाइपवरचा सेन्सर उभ्या पाइपचं काही सांगू शकत नाही. फाट्याला वेगळी टेप आणि वेगळा सेन्सर, नाहीतर फाटाच काढून टाका. आम्ही काढला.

बाहेरच्या हवेवर चालणारा थर्मोस्टॅट बऱ्याच जणांना स्वस्त म्हणून आवडतो. लडाख-हिमाचलात पाण्याचा पाइप गोठू नये एवढंच बघायचं असतं, तिथं तो ठीक आहे. हवा चार-पाच अंशांवर आली की सगळ्या टेप चालू, वर गेली की बंद. पाण्याला पाच अंशांवर काय आणि वीसवर काय, फरक पडत नाही. हवेच्या मानानं टेप किती मिनिटं चालू ठेवायची हे मोजणारा कंट्रोलरही मिळतो, तो त्याहून बरा. पण काकवी, तूप, मध, मेण असल्या मालाला पाइपवरच सेन्सर हवा. साखरेचा माल तापेल तसा आंबट-कडू आणि काळा होत जातो. साखर कारखान्यात मळीच्या टाकीचं तापमान उगाच बघत नाहीत. मळी जास्त तापली तर स्वतःच आणखी तापत जाते, फेसाळते, आणि मग तिला आवरणं कठीण होतं. म्हणून चाळिशीच्या आसपासच रोखून धरतात.

कंट्रोलर कोणता, यावर मात्र गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. बारा मीटर पाइपला सतत बारीक हिशोब करून वीज कमी-जास्त करणारा पीआयडी कशाला? पाइप आणि त्यातला माल सावकाश तापतो, सावकाश निवतो. दोन-तीन अंशांच्या अंतरानं चालू-बंद करणारा साधा कंट्रोलर आणि तापला की रोध वाढणारा पीटी १०० सेन्सर, एवढ्यावर काकवी छान राहते. महागडा पीआयडी वॉल्व्हच्या बिडाला बांधलेल्या सेन्सरवर चालवला तर तो तीच चूक दशांशासकट करतो.

त्यापेक्षा मी एक प्रश्न विचारतो: हे बिघडलं तर टेप चालू राहणार की बंद होणार? बल्ब आणि केसासारखी नळी असलेल्या जुन्या थर्मोस्टॅटमध्ये ती नळी चेपून फुटली, आतलं द्रव गेलं, तर थर्मोस्टॅटला वाटतं पाइप गार पडलाय. तो टेप कायमची चालू ठेवतो. शिडी टेकवताना नळी चेपली की झालं. पीटी १०० ची तार तुटली तर कंट्रोलरला ती अफाट गरमी वाटते आणि टेप बंद होते, हे चांगलं. पण तिच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर उलटं होतं. कॉन्टॅक्टरऐवजी वापरतात तो इलेक्ट्रॉनिक स्विच, एसएसआर, बहुतेक वेळा जळतो तो आतून जुळून, म्हणजे हीटर कायम चालू. म्हणून दुसरा, वेगळ्या सेन्सरचा, हातानं रीसेट करायचा कटऑफ लागतोच. त्याचा सेन्सर टेपच्या सगळ्यात तापणाऱ्या जागी, आणि त्याची तार वेगळ्या कॉन्टॅक्टरला. पहिला कंट्रोलर जे उपकरण वापरतो तेच दुसऱ्यानं वापरलं तर दोन्ही एकदमच मरतात.

सेल्फ रेग्युलेटिंग टेप मला आवडते, पण तिच्या नावावर जाऊ नका. पाइप तापला की तिचे वॅट कमी होतात. शून्य कधीच होत नाहीत, आणि पंचेचाळीसवर नेमकी थांबत तर मुळीच नाही. तिचा फायदा असा की एकावर एक पडली किंवा नियंत्रण गेलं तरी ती स्वतःला जाळून घेत नाही. गारठ्यात चालू करताना मात्र ती पहिली काही मिनिटं बराच जास्त करंट ओढते, एमसीबी पडतो, आणि लोक मोठा एमसीबी टाकून मोकळे होतात. सी टाइपचा एमसीबी घ्या आणि टेप तिच्या ठरलेल्या लांबीतच ठेवा. ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर तर कुठल्याही टेपला हवाच. काकवीच्या कारखान्यात फरशी रोज धुतात, पाणी लॅगिंगमध्ये शिरतं, आणि टेपची जाळी अर्थ केलेली नसेल तर पत्र्यालाही वीज येऊ शकते. ओलं ग्लासवूल उष्णता धरत नाही, तो खर्च वेगळाच.

खोडदकरांना यात एक जास्तीची काळजी आहे. गावाशेजारी जीएमआरटी उभी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या चौदा मधल्या किलोमीटरभर चौकात आणि बाकीच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी नव्वदच्या दशकात उभारलेली ही दुर्बीण रेडिओ लहरी ऐकते, फार बारीक आवाजातल्या. वीजवाहिनीच्या खराब इन्सुलेटरवरच्या ठिणग्यांची खरखरसुद्धा तिला त्रास देते. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग याच दुर्बिणीपायी बदलावा लागला. आता दर अर्ध्या मिनिटाला टकटकणारा, जळक्या तोंडाचा कॉन्टॅक्टर म्हणजे ठिणग्यांचं छोटं यंत्रच. सेन्सर नीट बांधला की टकटक आपोआप कमी होते. एसएसआर घ्यायचा तर झिरो क्रॉसिंगचा घ्या. लाटेच्या मधेच वीज कापणारा, डिमरसारखा चालणारा घेऊ नका. त्यानं तुमचा रेडिओसुद्धा खरखरेल, दुर्बिणीचं तर सोडाच.

त्या काकवीच्या लाइनला आता २० वॅटची टेप आहे, सेन्सर पाइपच्या मधोमध आहे, आणि दोन वॉल्व्हांच्या मधे एक रिलीफ वॉल्व्ह बसवलाय, त्याचं तोंड भिंतीकडे न ठेवता खाली बादलीत सोडलंय. जेवणाला उठताना टाकीकडचा वॉल्व्ह उघडा ठेवायचा, हेही शेठनी पाटीवर लिहून टांगलंय.

दिवाळी झाली, थंडी सुरू व्हायच्या आत, अर्धा दिवस काढून एवढं करा. मुख्य सेन्सर बाहेर काढून गरम पाण्याच्या तांब्यात बुडवा, टेप बंद होते का बघा. मग त्याची एक तार सोडवा, कंट्रोलर काय करतो ते बघा. कटऑफचा सेन्सरही तसाच तपासा, त्याकडे वर्षभर कोणी बघत नाही. शेवटी क्लॅम्प मीटर लावून करंट मोजा आणि त्याच वेळचं व्होल्टेजही. बारा मीटरला २० वॅटप्रमाणे २४० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला अँपिअरच्या थोडं वर. दोन्ही आकडे तारखेसह पॅनेलच्या दारावर आतून मार्करनं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेवढ्याच व्होल्टेजला पाऊण अँपिअर आला, तर टेपचा एखादा तुकडा मेलाय, आणि तो कुठला हे पत्र्यावरून हात फिरवून, पत्रा उचकटायच्या आधीच कळेल.