सहलीतून पाठ : मार्गासनीहून राजगड

इयत्ता : चौथी व पाचवी. विषय : इतिहास, भूगोल.

हेतू : राजगड सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याची राजधानी होता, हे वाक्य मुले सहज पाठ करतात. परंतु गड कोणाच्या आधाराने उभा राहिला, हे त्यांना पाठांतराने कळत नाही. खोऱ्यातील शेती आणि डोंगरावरील किल्ला यांचा संबंध मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, हा या पाठाचा हेतू होय.

पूर्वतयारी : सहल पावसाळा सरल्यावर, भाताच्या कापणीच्या सुमारास काढावी. आदल्या दिवशी वर्गात भोर-वेल्ह्याचा नकाशा टांगून नसरापूर, मार्गासनी, साखर, गुंजवणे व राजगड ही ठिकाणे दाखवावीत. गुंजण मावळ हे नाव गुंजवणी नदीवरून पडले, हेही सांगावे.

पाठाचा ओघ : मार्गासनीहून साखरेकडे जाताना मुलांना एखाद्या खाचराजवळ थांबवावे. येथे पाऊस मुबलक पडतो. मग उतारावर पाणी का थांबत नाही, असे विचारावे. पाणी धावते व माती घेऊन जाते, हे उत्तर शेतकऱ्याच्या घरची मुले चटकन देतील. त्यानंतर बांध दाखवावा. उताराला आडवा बांध घातला म्हणजे माती साठते, जमीन सपाट होते आणि भाताला लागणारे पाणी उभे राहते. वरचे खाचर भरले की पाणी खालच्यात उतरते. वरचा बांध फुटला तर खालच्याचेही नुकसान होते; म्हणून बांध राखणे हे एकट्याचे काम नव्हे. अधिक चढाच्या वरकस जमिनीत नाचणी व वरई घेतात, तेही दाखवावे.

पुढे साखरेवरून दोन बाजूंना जाता येते. गुंजवण्याकडून चोर दरवाज्याची वाट उभ्या चढाची आहे. पालीच्या बाजूची पायऱ्यांची वाट लहान मुलांस अधिक सोयीची. पद्मावती माचीवर पोहोचल्यावर मुलांना विश्रांती द्यावी आणि तलावाकाठी बसवून मुख्य प्रश्न विचारावा : "गडावर एवढी माणसे राहत होती, ती काय खात असत?" मुले इकडेतिकडे शेत शोधतील. मग त्यांस खाली खोऱ्याकडे पाहण्यास सांगावे. उत्तर तेथे पसरलेले असेल.

दुसरा प्रश्न पाण्याचा. खाली बांधाने जे काम केले, तेच येथे तलावाने व टाक्यांनी केले, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. धावते पाणी अडविण्याची विद्या खाचरातही आहे आणि गडावरही.

येथेच इतिहास सांगावा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. महाराजांकडे राहिलेल्या बारांत राजगड होता. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटल्यावर महाराज याच गडावर परतले. १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म येथेच झाला. पश्चिमेकडे तोरणा दिसतो, तोही दाखवावा.

दक्षता : बालेकिल्ल्याची वाट अवघड आहे, लहान मुलांना तेथे नेऊ नये. तटावर चढू देऊ नये. मधमाश्यांच्या पोळ्यांजवळ गोंगाट व धूर करू नये. टाक्यांत काही टाकू नये.

अनुधावन : मुलांनी घरी वडीलधाऱ्यांस विचारून आपल्या शेतातील बांध मोजावेत, त्यांची डागडुजी कोण व केव्हा करतो हे लिहावे आणि गड व खोरे यांचा एकच नकाशा काढावा.

समारोप : २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. त्याचा अभिमान मुलांना वाटेलच. परंतु आपल्या बापाने राखलेला बांध आणि राजधानीचा तलाव ही एकाच ज्ञानाची दोन रूपे आहेत, हे ज्या मुलास उमगले, तो आपल्या गावाला कधी क्षुल्लक म्हणणार नाही. तेवढे साधले म्हणजे पाठ सफल झाला.